न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी आणि एक जामीनअर्ज

वाचकहो, मुंबईस बोरीबंदरच्या, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या बाहेर उभे राहिलात की समोर अंजुमन-ए-इस्लामची जुनी इमारत दिसते. तुमच्यापैकी कित्येकांचे वडील किंवा चुलते तेथे शिकले असतील. ही संस्था उभारणाऱ्यांत जे अग्रणी होते त्या बद्रुद्दीन तय्यबजींची ओळख आपल्या मुलांना काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष एवढीच असते. परीक्षेत एका गुणाचा प्रश्न येतो आणि माणूस तेथेच संपतो! म्हणून त्यांच्या आयुष्यातील एक प्रसंग येथे जरा सावकाश सांगावयाचा आहे.

बद्रुद्दीन यांचा जन्म 1844 साली मुंबईत झाला. वडील मुल्ला तय्यबअली हे खंबायतकडील सुलेमानी बोहरा व्यापारी. इंग्रजी शिकणे म्हणजे दीन बुडविणे, अशी समजूत असलेल्या त्या काळात या गृहस्थांनी मुलांना विलायतेस पाठविले. थोरले कमरुद्दीन सॉलिसिटर झाले. बद्रुद्दीन आधी मदरशात, मग एल्फिन्स्टनमध्ये शिकले आणि 1860 मध्ये इंग्लंडला गेले. डोळ्यांच्या विकाराने मध्येच परत यावे लागले, तरी पुन्हा जाऊन 1867 मध्ये ते बॅरिस्टर झाले. मुंबई हायकोर्टातील पहिले हिंदी बॅरिस्टर ते हेच. 1874 मध्ये भावाच्या जोडीने त्यांनी अंजुमनची स्थापना केली व अखेरपर्यंत तिचा भार वाहिला.

राजकारणाचे विचित्र रूप त्यांना लवकरच पाहावयास मिळाले. 1883 मध्ये इल्बर्ट बिल आले. हिंदी न्यायाधिकाऱ्यासमोर युरोपियन आरोपीचा खटला चालावा, इतकीच त्यातील गोष्ट. पण गोऱ्या समाजाने असा गदारोळ केला की सरकारने माघार घेऊन बिलाचा जीवच काढून घेतला. हिंदी माणसाला न्याय करता येतो, हे सांगण्यासाठी मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये सभा भरली, तीत बद्रुद्दीन बोलले. पुढे 1887 मध्ये मद्रासला ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. आता टीका घरातून आली. सर सय्यद अहमद खान यांच्यासारख्या थोर शिक्षणप्रेमी पुढाऱ्याने मुसलमानांनी काँग्रेसपासून दूर राहावे असा आग्रह धरला. दोघांत पत्रव्यवहार झाला, मतभेद मिटले नाहीत. काँग्रेसमुळे दोन समाजांत तेढ वाढत असेल तर काही वर्षे अधिवेशनेच थांबवावीत, असेही बद्रुद्दीन यांनी ह्यूमसाहेबांना 1888 मध्ये लिहिले होते. ज्या सभेचे स्वतः अध्यक्ष होतो ती तहकूब करा म्हणणारा पुढारी विरळाच! सर सय्यद यांनी स्थापन केलेल्या शिक्षण परिषदेपासून ते बरीच वर्षे दूर होते. पण 1903 मध्ये तीच परिषद मुंबईत भरली तेव्हा अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि मुलींच्या शिक्षणाची बाजू मांडली. जुने भांडण त्यांनी उगाळले नाही. आपल्याकडे दोन संस्थांच्या चालकांत बेबनाव झाला म्हणजे पोरांची फी कोणाकडे भरावी असा पेच पडतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

1895 मध्ये ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. आता 1897 च्या त्या प्रसंगाकडे या.

पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. तपासणीसाठी रँडचे सोल्जर घराघरात शिरत, त्याने लोक संतापले होते. 22 जूनच्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव चालू असता, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. तो सूड होता. आता सरकारला सूड हवा होता. पुण्यावर जादा पोलीस बसविले. नातू बंधूंना 1827 च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली चौकशीवाचून महिनोन्‌महिने डांबले. मारेकरी अजून सापडले नव्हते. 27 जुलैस टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडले. गंमत अशी की, ज्या मजकुरावर खटला भरला तो केसरीत छापला गेला होता 15 जूनला, म्हणजे खून होण्याच्या आठवडाभर आधी.

आणि तो मजकूर कशाविषयी होता? शिवाजी उत्सवात झालेल्या भाषणांविषयी, त्यांत अफझलखानाचा वध योग्य की अयोग्य या चर्चेविषयी. चार वर्षांपूर्वी, 1893 मध्ये, मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला होता. त्या वेळची टिळकांची लिखाणे आणि नंतरचे सार्वजनिक उत्सव यांमुळे मुसलमान समाजात त्यांच्याविषयी काय भावना होती, हे तुम्हाला सांगावयास नको. शिवाय टिळक जहाल, तर बद्रुद्दीन मेहता-तेलंगांच्या मवाळ परंपरेतले.

मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. हायकोर्टात न्यायमूर्ती पार्सन्स व न्यायमूर्ती रानडे यांनीही तो दिला नाही. पुन्हा अर्ज करण्याची मुभा मात्र ठेवली. मग खटला सेशन्सकडे गेला आणि 4 ऑगस्टला अर्ज आला तो न्यायमूर्ती तय्यबजींसमोर. ॲडव्होकेट जनरलने कसून विरोध केला. टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर दावर उभे होते.

घटकाभर त्या खुर्चीत स्वतःला बसवून पाहा. सरकारची नाराजी एका बाजूस. दुसऱ्या बाजूस आपलेच लोक विचारणार, या माणसावर मेहेरबानी कशासाठी? जामीन नाकारला असता तर कोणी बोटही दाखविले नसते, कारण रानड्यांसारख्यांनी तो आधीच नाकारलेला. पण तय्यबजींसमोर अफझलखान नव्हता, 1893 चा दंगा नव्हता की रँडही नव्हता. प्रश्न साधा होता. आरोपी खटल्याच्या दिवशी हजर राहील ना? तो राहणार नाही असे मानण्यास आधार नव्हता. आणि तुरुंगात अडकल्यामुळे बचावाची तयारी करता आली नाही, तर खटल्याला अर्थ काय उरतो? त्यांनी जामीन मंजूर केला व टिळक सुटले. सूरह माइदामध्ये वैर आणि न्याय यांविषयी जी ताकीद आहे ती आपली मुले मक्तबात शिकतात. ती कोर्टात कशी दिसते हे या प्रसंगात दिसले.

ही मेहेरबानी नव्हती हेही लक्षात घ्या. टिळक निर्दोष आहेत असे न्यायमूर्ती म्हणाले नाहीत, तो प्रश्न त्यांच्यापुढे नव्हताच. सप्टेंबरमध्ये खटला न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यासमोर चालला. सहा युरोपियन ज्यूररांनी दोषी ठरविले, तिघा हिंदी ज्यूररांनी निर्दोष. कातडीच्या रंगाप्रमाणे मते पडली आणि दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. इकडे पुण्यात सूडाचे चक्र चालूच होते. दामोदर चापेकर 1898 मध्ये फाशी गेले. 1899 मध्ये, ज्यांच्यामुळे ते पकडले गेले त्या द्रविड बंधूंचा खून झाला आणि त्यापायी आणखी फाशी झाल्या.

तय्यबजी 1902 मध्ये काही काळ हंगामी मुख्य न्यायाधीश होते. ऑगस्ट 1906 मध्ये लंडनला ते अल्लाला प्यारे झाले.

दोन वर्षांनी, 1908 मध्ये, टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला. जामिनासाठी तरुण बॅरिस्टर जीना उभे राहिले. खुर्चीत न्यायमूर्ती दावर होते. होय, 4 ऑगस्टला तय्यबजींसमोर टिळकांसाठी जामीन मागणारे तेच दावर. त्यांनी जामीन नाकारला आणि पुढे सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली.