टर्फला नाव आहे, माणूस कुठाय?

रात्री साडेनऊचा स्लॉट. मंचरच्या टर्फवर आम्ही दहा जण, त्यातल्या चौघांच्या पाठीवर मेस्सी, तिघांच्या रोनाल्डो आणि एकाच्या एम्बापे. भारताचा जर्सी नंबर पाठ असलेला एकच खेळाडू सगळ्यांना माहीत, सुनील छेत्री. मध्येच एकाने विचारलं, बांद्र्याला ते नेव्हिल डिसूझा टर्फ आहे ना, तो नेव्हिल कोण रे? बिल्डर? नगरसेवक? कुणालाच सांगता येईना. मलाही नाही, आणि मी तर मास कॉम केलंय!

घरी आल्यावर शोधायला बसलो आणि झोपच उडाली. हा बिल्डर नव्हता, नगरसेवकही नव्हता. ऑलिंपिकच्या एका मॅचमध्ये तीन गोल ठोकणारा आशियातला हा पहिला फुटबॉलर. खेळायचा मुंबईत, आपल्यापासून जेमतेम चार तासांवर.

गोव्याचा पोरगा, मुंबईचा हिरो

नेव्हिलचा जन्म १९३२ चा, गोव्यातल्या आसगावचा. तेव्हा गोव्यावर पोर्तुगिजांचं राज्य होतं. त्याचं नाव झालं मात्र मुंबईत. त्या वेळी मुंबईत फुटबॉल म्हणजे कंपन्यांचे संघ. टाटा, कॅल्टेक्स, बर्मा शेल, पश्चिम रेल्वे. आज आयएसएलमध्ये खेळाडूचे करार होतात, कोटींच्या बातम्या येतात. तेव्हाचा हिशोब सोपा होता. चांगला खेळतोस? ये, नोकरी घे, कंपनीसाठी खेळ. पगार ऑफिसचा आणि टाळ्या कूपरेजच्या.

नेव्हिल टाटा आणि कॅल्टेक्स या दोन्ही संघांकडून खेळला. कॅल्टेक्स म्हणजे पेट्रोल विकणारी तेल कंपनी. १९५८ साली याच संघाने रोव्हर्स चषक जिंकला होता. हा चषक १८९१ पासूनचा, देशातल्या सगळ्यात जुन्या स्पर्धांपैकी एक. कोलकात्याचे मोठमोठे क्लब त्यासाठी मुंबईला यायचे. त्याआधी १९५४-५५ च्या मोसमात मुंबईने संतोष करंडकही पहिल्यांदा जिंकला होता, आणि त्या संघात नेव्हिल होता. भाऊ डेरेक, तोही भारताकडून खेळलेला. म्हणजे एका घरात दोन इंटरनॅशनल!

आपल्याकडच्या कितीतरी घरांतले आजे-पणजे त्याच काळात मुंबईत होते. कुणी गिरणीत, कुणी डब्याच्या धंद्यात. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ ही डबेवाल्यांचीच गावं. दुपारी फोर्टात डबे पोचवून परत फिरताना कूपरेजच्या भिंतीपलीकडचा गलका त्यांच्यापैकी कुणाच्या तरी कानावर पडलाच असेल. त्यांनी घरी येऊन सांगितलं की नाही, कोण जाणे.

मेलबर्न, १ डिसेंबर १९५६

आता खरी गोष्ट. त्यासाठी थोडं मागे जाऊ. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून २-१ ने हरले. १९५२ ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ ने धुतलं. दहा-एक! आज असं झालं तर मीम्सचा पूर आला असता. त्यानंतर बूट घालून खेळणं सक्तीचं झालं. कोच होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. अजय देवगणचा 'मैदान' पाहिला असेल तर हेच ते रहीमसाहेब.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये पहिली मॅच हंगेरीशी होती. पण त्या देशात उठाव झाला होता आणि त्यांच्या फुटबॉल संघाने माघार घेतली. भारत थेट उपांत्यपूर्व फेरीत. समोर यजमान ऑस्ट्रेलिया, मैदान त्यांचं, प्रेक्षक त्यांचे.

नवव्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला. सतराव्याला ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने बरोबरी केली. तेहतिसाव्याला पुन्हा नेव्हिल. एकेचाळिसाव्याला पुन्हा मॉरो. हाफ टाइमला २-२. कुठल्याही क्षणी मॅच हातातून निसटेल अशी अवस्था. ब्रेकनंतर पाचच मिनिटांत, पन्नासाव्या मिनिटाला, नेव्हिलचा तिसरा. हॅटट्रिक! मग किट्टूने चौथा मारून विषयच संपवला. ४-२.

ऑस्ट्रेलियाला हे काही पचलं नाही. ऑलिंपिक संपल्यावर सिडनीत पुन्हा एक मैत्रीपूर्ण सामना झाला. निकाल भारत ७, ऑस्ट्रेलिया १. म्हणजे तुक्का नव्हता, भावांनो.

पंचावन्न मिनिटांचं स्वप्न

उपांत्य फेरीत समोर कोण? युगोस्लाव्हिया. तीच, दहा गोल मारणारी. पहिला हाफ ०-०. बावन्नाव्या मिनिटाला गोल झाला आणि तो भारताचा होता. मारणारा नेव्हिल. चार वर्षांपूर्वी ज्यांनी लाज काढली त्यांच्याविरुद्ध आपण पुढे, आणि पुढे अंतिम सामना.

हे स्वप्न दोनच मिनिटं टिकलं. चोपन्नाव्या मिनिटाला बरोबरी, सत्तावन्नाव्याला ते पुढे, शेवटी ४-१. त्यातला एक तर आपलाच स्वयंगोल. मग ब्राँझसाठी बल्गेरियाकडून ०-३ अशी हार. भारत चौथा. पदक नाही.

पण चौथा म्हणजे किती वर, हे आज कळतं. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये भारताची ही आजवरची सर्वोत्तम कामगिरी. १९६० च्या रोमनंतर तर आपण ऑलिंपिक फुटबॉलला पात्रच ठरलेलो नाही. त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल चारच होते आणि ते तिघांच्या नावावर लागले. एक युगोस्लाव्हियाचा व्हेसेलिनोविच, दुसरा बल्गेरियाचा मिलानोव्ह आणि तिसरा आपला नेव्हिल. त्या दोघांच्या गळ्यात पदकं पडली, नेव्हिलच्या नाही.

मग विसरलो कसं?

अर्जुन पुरस्कार सुरू झाला १९६१ मध्ये. त्याच्या बरोबर मेलबर्नला खेळलेल्या पी. के. बॅनर्जींना तो पहिल्याच वर्षी मिळाला. नेव्हिलला कधीच नाही. १९८० च्या मार्चमध्ये तो गेला तेव्हा वय होतं अवघं ४७.

मला वाटतं, पुरस्कारापेक्षा मोठं कारण वेगळं आहे. कोलकात्याच्या खेळाडूला त्याचा क्लब विसरू देत नाही. मोहन बागान आजही आहे, ईस्ट बंगाल आजही आहे, आजोबा नातवाला घेऊन मॅचला जातात आणि जुनी नावं आपोआप पुढे सरकतात. नेव्हिलचा क्लब म्हणजे एक कंपनी. कॅल्टेक्सचा इथला कारभार सत्तरच्या दशकात सरकारने घेतला आणि तो हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाला. रोव्हर्स चषकही २००१ नंतर बंदच. क्लब गेला, स्पर्धा गेली, फॅन म्हातारे झाले. आठवण ठेवायची कुणी?

आपल्याकडे बघा ना. गावच्या यात्रेत आखाड्याशेजारी बसलेले म्हातारे चाळीस वर्षांपूर्वीच्या पैलवानाचं नाव, त्याचा डाव, कुणाला चितपट केलं ते सगळं सांगतात. कुठे लिहिलेलं नसतं. पण गाव जागेवर आहे, यात्रा दरवर्षी भरते, म्हणून तो पैलवानही जिवंत आहे. नेव्हिलच्या नशिबात अशी यात्रा नव्हती. बांद्र्याच्या टर्फवर नाव लागलं तेवढंच. तिथे आज मुंबईच्या क्लबांच्या मॅचेस होतात, पोरं नावाखालून आत जातात, खेळतात, घरी जातात.

परवा पुन्हा स्लॉट होता. मॅच संपल्यावर पाण्याच्या बाटल्या फिरत असताना मी ही गोष्ट सांगितली. नववं, तेहतिसावं, पन्नासावं मिनिट, सगळं. मेस्सीची जर्सी घातलेला एक जण म्हणाला, परत सांग, ऑस्ट्रेलियाला किती? मी परत सांगितलं. तोवर पुढच्या स्लॉटची पोरं गेटवर येऊन उभी होती. तीही ऐकत होती.