कर्मवीर दादासाहेब गायकवाड : संसदेतला भूमिहीनांचा आवाज

चुडाव्यापासून दिंडोरीपर्यंत भूमिहीनांच्या जमिनीचा विषय निघाला की आम्हाला कर्मवीर दादासाहेब गायकवाड आठवतात. 15 ऑक्टोबर 1902 रोजी नाशिक जिल्ह्यातील आंबे गावी भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म झाला. 1930 च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात ते आघाडीवर होते आणि पुढे बाबासाहेबांचे विश्वासू सहकारी झाले.

1957 मध्ये ते नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले. 1962 ते 1968 ते राज्यसभेत होते. पण खासदारकीच्या काळातही त्यांनी रस्ता सोडला नाही. 1959 मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. 6 डिसेंबर 1964 पासून देशभर लढा पेटला आणि लाखोंनी तुरुंग भरले. संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, बौद्धांना सवलती द्या आणि भूमिहीनांना जमीन द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या.

29 डिसेंबर 1971 रोजी दादासाहेब गेले. तैलचित्र आणि बौद्धांच्या सवलती, दोन्ही 1990 मध्ये मिळाल्या. जमिनीची मागणी मात्र अपुरीच आहे. गायरान कसणारी कितीतरी कुटुंबे आजही सातबाऱ्यावर नाव लागण्याची वाट पाहत आहेत. म्हणून तरुण मित्रांनो, दादासाहेबांच्या प्रतिमेला हार घालताना आपल्या गावातील गायरानधारकांचे कागदही एकदा तपासू या. आमच्या मते तेच खरे अभिवादन. जयभीम!