मिरजेचे खाँसाहेब

जयसिंगपूरहून निघालेली आगगाडी कृष्णेचा पूल ओलांडते आणि थोड्याच वेळात मिरज जंक्शन येते. सतारी आणि तंबोरे बनवणाऱ्या कारागिरांचे हे गाव. याच गावात ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा आहे आणि दर्ग्याच्या आवारात एका थोर गवय्याची कबर आहे. त्यांचे नाव उस्ताद अब्दुल करीम खाँ.

खाँसाहेब मूळचे मिरजेचे नव्हेत. त्यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी आजच्या उत्तर प्रदेशातील कैराना या गावी झाला. घराणे गवय्यांचे होते. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे ते लहानपणीच गाणे शिकले. सारंगी आणि वीणाही त्यांना येत असे. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात गायक होते. पुढे बडोदे सोडून ते मुंबईकडे आणि मग मिरजेला आले. तेव्हा जयसिंगपूर वसलेही नव्हते. राजर्षी शाहू महाराजांनी हे गाव वसवले ते १९१७ साली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली आणि पाहता पाहता ती गावोगाव पसरली. घरात उंदीर मेलेला दिसला, की लोक घर सोडून माळावर झोपड्या बांधून राहत. या रोगावर तेव्हा खात्रीचे औषध नव्हते. मिरजेत खाँसाहेबांनाही प्लेगने गाठले. असे सांगतात, की जगण्याची आशा उरली नाही, तेव्हा ते मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेले. तेथे त्यांनी अल्लाहजवळ दुआ मागितली आणि ते गायले. हळूहळू त्यांना उतार पडला. खाँसाहेब वाचले.

मराठीत आपण आभार 'मानतो'. उर्दूत मात्र शुक्र 'अदा' करतात. अदा करणे म्हणजे देणे चुकते करणे. नमाज अदा होते, कर्ज अदा होते, तसाच शुक्रही. हजरत मुहंमद पैगंबर रात्री इतका वेळ नमाजमध्ये उभे राहत, की त्यांचे पाय सुजत. एवढे कष्ट कशासाठी, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले, की आपण अल्लाहचे शुक्रगुजार बंदे का होऊ नये! तोंडाने आभाराचा शब्द बोलून त्यांचे मन भरत नव्हते.

खाँसाहेबांजवळ द्यायला काय होते? एक गळा होता. दर्ग्यात गाणे असावे की नसावे, याबद्दल जाणत्यांची मते वेगवेगळी आहेत. पण त्यांना दुसरी भाषा येत नव्हती, असेच म्हणावे लागेल. त्यांनी मिरज हेच आपले घर केले. मैफिलींसाठी ते देशभर हिंडत. म्हैसूरच्या दरबारातही त्यांना मोठा मान होता. तरी उरुसाच्या वेळी ते मिरजेला येत आणि दर्ग्यात बसून गात. तेथे ना राजा समोर असे, ना बिदागी.

ज्या विद्येसाठी प्राण वाचले, ती विद्याही त्यांनी कुलपात ठेवली नाही. त्या काळी पुष्कळ उस्ताद आपली विद्या घरातल्या मुलांनाच देत. खाँसाहेबांनी १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले आणि बाहेरच्या मुलांना शिकवले. कुंदगोळचे रामभाऊ त्यांच्याकडे शिकून 'सवाई गंधर्व' झाले. त्याच सवाई गंधर्वांचे शिष्य म्हणजे पंडित भीमसेन जोशी. रोशनआरा बेगम याही खाँसाहेबांच्याच शिष्या.

आयुष्य काही सुखाचेच गेले नाही. पत्नी ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. त्या मुलांपैकी हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू माने पुढे मोठे गायक झाले. पुण्याचे विद्यालयही फार वर्षे चालले नाही. अशा माणसाने तक्रार केली असती, तर कोणी नावे ठेवली नसती. पण उरुसातले त्यांचे गाणे थांबले नाही. त्यांच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकता येतात. झिंझोटी रागातली त्यांची ठुमरी जरूर ऐका. बारीक, कोवळा आवाज आहे, आणि त्यात कोठेही घाई नाही.

ऑक्टोबर १९३७ मध्ये ते मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. रात्री गाडीत छातीत कळा येऊ लागल्या, म्हणून ते सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा स्टेशनावर उतरले. फलाटावर अंथरूण घातले गेले. त्यांनी नमाज अदा केली. मग तंबोरा लावायला सांगितला, दरबारी रागात थोडे गायले आणि कलमा म्हणत डोळे मिटले. तो दिवस २७ ऑक्टोबरचा.

तेथून मिरज शेकडो मैल दूर. तरी शिष्यांनी त्यांना मिरजेलाच आणले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले. उरुसात तेथे त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते. दूरदूरचे गायक-वादक हजेरी लावायला येतात आणि रात्रभर गाणे चालते.