काळ्या मातीचा माणूस : वसिली दोकुचायेव



थोर माणसांची चरित्रं म्हटलं की कॉलेजच्या मॅगझिनमध्ये काही ठरलेली नावं येतात. विश्वेश्वरय्या, एडिसन, आइनस्टाइन, कलाम. ही माणसं थोरच आहेत, वाद नाही. पण यंदा मी एक वेगळं नाव घेऊन आले आहे : वसिली वसिलियेविच दोकुचायेव. उच्चारताना जीभ जरा अडखळते, पण दोनतीनदा म्हटलं की जमतं!

सिव्हिलवाल्यांना माती म्हटलं की तेर्झागी आठवतात. माती भार किती पेलते, पाण्याने किती खचते, हे त्यांनी शिकवलं. पण मुळात ही माती इथे काळी का आणि पलीकडे लाल का, हा प्रश्न आमच्या सिलॅबसमध्ये जेमतेम अर्ध्या पानात आटोपतो. या अर्ध्या पानासाठी दोकुचायेव यांनी आयुष्य वेचलं. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे माती या शब्दाच्या आधी मी सॉइल हा शब्द शिकले. म्हणून हे लिहिताना शुद्धलेखनाची थोडी माफी असावी.

दोकुचायेव यांचा जन्म १८४६ साली रशियाच्या स्मोलेन्स्क प्रांतातल्या मिल्युकोवो या खेड्यात झाला. वडील गावच्या चर्चचे पाद्री. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मुलानेही पाद्रीच व्हायचं, म्हणून त्यांना धर्मशिक्षणाच्या शाळेत घातलं. पुढे त्याच शिक्षणासाठी ते सेंट पीटर्सबर्गला गेले आणि थोड्याच दिवसांत त्यांनी ते सोडून विद्यापीठात विज्ञान शाखा धरली. घरच्यांनी ठरवलेली लाईन सोडून आपली शोधणं काय असतं, हे हॉस्टेलमधल्या बऱ्याच जणांना वेगळं सांगायला नको.

१८७१ मध्ये पदवी मिळाली, पुढच्या वर्षी विद्यापीठाच्या भूशास्त्र संग्रहाची जबाबदारी मिळाली. म्हणजे माणूस खडकांचा. नद्यांची खोरी कशी तयार होतात यावर त्यांचा प्रबंध होता. मातीकडे ते वळले ते दुष्काळामुळे.

रशियाच्या दक्षिणेकडे स्टेप म्हणून ओळखला जाणारा विस्तीर्ण गवताळ प्रदेश आहे (यातला मोठा भाग आज युक्रेनमध्ये येतो). तिथली माती काळीभोर, कसदार. तिथले शेतकरी तिला चेर्नोझ्योम म्हणत, म्हणजे सरळ काळी माती. देशाचं धान्याचं कोठार तेच. पण १८७३ आणि १८७५ साली तिथे मोठे दुष्काळ पडले. इतकी कसदार जमीन दगा का देते? या प्रश्नाने काळजीत पडलेल्या फ्री इकॉनॉमिक सोसायटी या संस्थेने चेर्नोझ्योमच्या अभ्यासाचं काम १८७७ साली तरुण दोकुचायेव यांच्याकडे दिलं.

तोपर्यंत या मातीबद्दल बरेच तर्क होते. कोणी म्हणे हा जुन्या समुद्राचा गाळ, कोणी म्हणे आटलेल्या दलदलीचा थर, तर रुप्रेख्त हे वनस्पतीशास्त्रज्ञ म्हणत की ही गवतामुळे झालेली माती आहे. एकंदरीत भूशास्त्रज्ञाला माती म्हणजे खडकाचा भुगा, आणि रसायनशास्त्रज्ञाला माती म्हणजे पिकाच्या खाद्याची परात. मातीला स्वतःचं काही आयुष्य असेल असं कोणाच्या डोक्यात नव्हतं.

दोकुचायेव यांनी १८७७ आणि १८७८ च्या उन्हाळ्यांत मिळून सुमारे १०,००० किलोमीटर प्रवास केला. त्यांनी नुसते वरवरचे नमुने गोळा केले नाहीत. ठिकठिकाणी मातीचे उभे छेद पाहिले आणि थरांना अ, ब, क अशी नावं दिली. वरचा ह्यूमसचा काळा थर, मधला संक्रमणाचा आणि खालचा मूळ खडकाचा. आज आपण ज्याला सॉइल प्रोफाइल म्हणतो आणि ए, बी, सी हॉरायझन म्हणून घोकतो, ते इथून आलं. नमुना कुठला, उतारावरचा की सपाटीवरचा, तिथे पाऊस किती, थंडी किती, गवत कोणतं, खाली खडक कोणता, हे सगळं ते टिपत गेले. माती तयार व्हायला किती काळ लागतो हे कळावं म्हणून स्ताराया लादोगा इथल्या जुन्या किल्ल्याच्या दगडी भिंतीवर साचलेली मातीसुद्धा त्यांनी तपासली! वय माहीत असलेली जागा शोधायची आणि तिच्यावर माती किती तयार झाली ते पाहायचं, किती सोपी युक्ती आहे.

लॅबमध्ये नमुन्यांतल्या ह्यूमसचं प्रमाण काढलं गेलं आणि ते आकडे त्यांनी नकाशावर मांडले. समान ह्यूमस असलेले पट्टे स्पष्ट दिसू लागले. मधल्या पट्ट्यात ह्यूमस सर्वांत जास्त, काही ठिकाणी १३ टक्क्यांच्याही वर, आणि वायव्येकडे तसंच आग्नेयेकडे तो कमी कमी होत गेलेला. कारण हवामानात होतं. वायव्येला ओल आणि जंगल जास्त, तिथे ह्यूमस टिकत नाही, धुपून खाली जातो. आग्नेयेला इतकं कोरडं की गवतच विरळ. मधल्या पट्ट्यात गवत भरपूर वाढतं, आणि कडक हिवाळा व कोरडा उन्हाळा त्याला पूर्ण कुजू देत नाहीत. म्हणून ह्यूमस साठत जातो. नुसत्या लॅबच्या आकड्यांवरून हे कळलं नसतं, नुसतं फिरूनही कळलं नसतं. लॅब, हवामान आणि भूरूप या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर आल्या तेव्हा माती बोलायला लागली.

हे सगळं १८८३ साली 'रशियन चेर्नोझ्योम' या ग्रंथात आलं. तोच त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध. त्याच्या वायवाला परीक्षकांपैकी एक कोण होते माहीत आहे? आवर्तसारणीवाले मेंडेलीव्ह! आपल्याला एक्स्टर्नल कडक वाटतात, त्यांच्या नशिबी कोण आले बघा. निष्कर्ष असा की माती हा एक स्वतंत्र नैसर्गिक घटक आहे. मूळ खडक, हवामान, सजीव, जमिनीचा चढउतार आणि काळ या पाच गोष्टींतून ती घडते. पुढे १९४१ साली अमेरिकेत हान्स जेनी यांनी याच पाच घटकांना समीकरणाचं रूप दिलं. पाच व्हेरिएबल्सचं फंक्शन म्हणजे माती. आपल्या ब्रँचला पटेल अशी व्याख्या!

१८८२ ते १८८६ या काळात निझ्नी नोव्हगोरोद प्रांताच्या जमिनीची पाहणी त्यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन केली. हेतू होता जमिनीवरचा कर न्याय्य ठरवण्याचा. ज्याची जमीन हलकी, त्याच्यावर भारी जमिनीचा कर बसू नये. आपल्याकडे मुंबई इलाख्यात विंगेट आणि गोल्डस्मिड यांच्या पाहणीत जमिनीची प्रत आण्यांत ठरवली गेली होती, तसाच हा प्रश्न. अहवालाचे १४ खंड झाले. त्या टीममधले सिबिर्त्सेव्ह आणि व्हेर्नाद्स्की पुढे स्वतः मोठे शास्त्रज्ञ झाले.

मग १८९१ आलं. पुन्हा दुष्काळ, आणि या वेळी भयंकर. पाठोपाठ कॉलरा. काही लाख माणसं दगावली. १८९२ साली दोकुचायेव यांनी स्टेपच्या पूर्वीच्या आणि तेव्हाच्या स्थितीवर एक पुस्तक लिहिलं आणि विक्रीचा पैसा दुष्काळग्रस्तांना दिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : पाऊस कमी पडला हे अर्धंच कारण आहे. गवताळ जमीन सरसकट नांगरली, झाडं तोडली, ओघळी वाढत गेल्या, मातीची रवाळ घडण मोडली. त्यामुळे पडलेलं पाणी मुरत नाही, वाहून जातं. दोष मातीचा नाही, आपण तिला जसं वागवलं त्याचा आहे.

नुसतं सांगून ते थांबले नाहीत. त्याच वर्षी वनखात्याची खास मोहीम घेऊन ते स्टेपमध्ये उतरले. व्होरोनेझ प्रांतातल्या कामेन्नाया स्टेप इथे वारा अडवणारे झाडांचे पट्टे लावले, तळी बांधली, ओघळी बांधून काढल्या, हवामानाच्या नोंदी सुरू केल्या. ते पट्टे आजही उभे आहेत. आपल्याकडे पाणलोटाच्या कामात माथा ते पायथा म्हणतात, त्याच जातीचा हा विचार आहे.

याच सुमारास, १८९२ ते १८९५, ते नोव्हो-अलेक्सांद्रिया (आजच्या पोलंडमधलं पुवावी) इथल्या शेती आणि वनशास्त्राच्या संस्थेचे प्रमुख होते. तिथे मृदाशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि तो त्यांनी सिबिर्त्सेव्ह यांच्या हाती दिला. पण दोन्हीकडच्या कामाचा ताण फार झाला. तब्येत बिघडली, मानसिक आजाराने घेरलं. १८९७ मध्ये पत्नी ॲना गेल्या. त्यातून थोडं सावरून त्यांनी कॉकेशसच्या डोंगरात प्रवास केले, उंचीप्रमाणे मातीचे पट्टे बदलतात हे दाखवलं. १९०० मध्ये चाळिशीतच सिबिर्त्सेव्ह गेले. दोकुचायेव यांचा आजार पुन्हा बळावला आणि १९०३ साली, वयाच्या ५७ व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. दुष्काळाशी भांडणाऱ्या माणसाचा शेवट असा एकाकी व्हावा, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं.

आता तुम्ही म्हणाल, रशियाच्या मातीशी आपला काय संबंध? काळ्या रंगापुरतं बोलायचं तर आपली काळी माती तिची बहीणच वाटते. एकेकाळी आपल्या रेगूरला काही जण उष्ण कटिबंधातला चेर्नोझ्योम म्हणतही. पण लॅबमध्ये नेली की फरक कळतो. आपल्या काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब बहुधा १ टक्क्याहून कमी, आणि फुगणारी मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती भरपूर. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसात चिखल, म्हणूनच तिच्यावरच्या रस्त्यांचे हाल. आजच्या वर्गीकरणात ती व्हर्टिसॉल, आणि चेर्नोझ्योम बहुतेक मॉलिसॉलमध्ये.

दुसरं उदाहरण तर आपल्या घरचंच आहे. खाली तोच दख्खनचा काळा बेसॉल्ट. महाबळेश्वरला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, तिथे लाल जांभा. मराठवाड्यात पाऊस कमी, तिथे काळी. त्यातही माळावर मुरमाड हलकी जमीन आणि नदीकाठी खोल भारी जमीन. खडक एक, पण हवामान, उतार आणि काळ वेगळे, म्हणून माती वेगळी. दोकुचायेव इथे आले असते तर खूश झाले असते.

आणि एक गोष्ट मला फार आवडली. चेर्नोझ्योम, पॉडझॉल, सोलोनेत्स ही जगभरच्या पुस्तकांतली नावं मूळची रशियन शेतकऱ्यांच्या तोंडची. दोकुचायेव आणि त्यांच्या शिष्यांनी ती शास्त्रात आणली. आपल्याकडेही भारी, बरड, चोपण, पोयटा, वाफसा असे नेमके शब्द आहेत. वाफसा म्हणजे शेतात औत घालता येईल एवढीच ओल. याला इंग्रजीत एक शब्द मला अजून सापडलेला नाही, आणि मी कॉन्व्हेंटची!

आपल्या लॅबमध्ये आपण लिक्विड लिमिट काढतो, ३ मिलिमीटरचे दोरे वळून प्लॅस्टिक लिमिट काढतो, सीबीआरचा नमुना ४ दिवस पाण्यात ठेवतो. आकडे जर्नलमध्ये उतरतात, सही होते. पण पोत्यातली माती कोणत्या गावची, किती खोलीवरची, माळावरची की ओढ्याकाठची, हे जर्नलमध्ये कुठेच नसतं. फायनल इयरच्या प्रोजेक्टला मातीचा नमुना आणाल तेव्हा एक जादा पान जोडा. जागा, खोली, उतार, वर्षाचा पाऊस, आणि त्या शेताचा मालक त्या मातीला काय म्हणतो ते. मार्कांचं माहीत नाही, पण त्या मातीवर उद्या जो रस्ता किंवा घर उभं राहील, त्याला या पानाचा उपयोग नक्की होईल.

– तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी