दोर तुटला तर? लिफ्टवाल्या ओटिसची गोष्ट

लिफ्टमध्ये शिरताना कधी उंबरठ्यावरच्या पट्टीकडे बघितलंय? बऱ्याच ठिकाणी तिथे ‘ओटिस’ असं कोरलेलं असतं. मी ते नुसतं कंपनीचं नाव समजायचो. मागच्या वर्षी वीज गेली आणि मी दोन मजल्यांच्या मधे वीस मिनिटं अडकलो. डोक्यात एकच विचार: दोर तुटला तर? बाहेर आल्यावर वाचायला बसलो, तेव्हा एलिशा ग्रेव्हज ओटिस हा माणूस सापडला.

आधी एक गैरसमज काढून टाकू. लिफ्ट ओटिस यांनी शोधली नाही. दोराने माल वर ओढायच्या युक्त्या फार जुन्या आहेत. पण दोर तुटला की सगळं धाडकन खाली. म्हणून त्यात माल चढायचा, माणसं जिना चढायची.

ओटिस यांचा जन्म १८११ चा, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या हॅलिफॅक्स गावचा. घर शेतकऱ्याचं. त्यांनी पिठाची गिरणी काढली, ती चालली नाही. लाकूड कापायची केली, तीही नाही. घोडागाड्या बनवल्या. पहिली बायको वारली, पदरात दोन लहान मुलं. पुढे ऑल्बनी शहरात ओढ्याच्या पाण्यावर चालणारा स्वतःचा कारखाना टाकला, तर शहराने ते पाणीच पिण्यासाठी वळवलं. आजच्या भाषेत सांगायचं तर एकामागून एक बंद पडलेले स्टार्टअप.

१८५२ साली ते न्यूयॉर्कजवळच्या यॉंकर्स गावात पलंगांच्या कारखान्याचं काम बघत होते. जड सामान वरच्या मजल्यावर चढवायचं होतं. आता ट्रकखाली पाटे असतात ना, तसा घोडागाडीचा पोलादी पाटा त्यांनी पाळण्याच्या माथ्यावर बसवला आणि दोर त्या पाट्यालाच बांधला. वजनाच्या ताणाने पाटा कमानीसारखा वाकलेला राहतो. दोर तुटला की ताण गेला, पाटा सरळ झाला आणि त्याची टोकं दोन्ही बाजूंच्या रुळांवरच्या दात्यांत अडकली. पाळणा जागच्या जागी थांबला.

मला यातलं सगळ्यात काय आवडलं सांगू? इथे दोर ब्रेक लावत नाही, तो ब्रेक उघडा धरून ठेवतो. काही बिघडलं की ब्रेक आपोआप लागणारच. तुमच्या फोनमध्ये तुम्ही परवानगी दिल्याशिवाय ॲपला कॅमेरा मिळत नाही, तोच विचार. आजच्या लिफ्टच्या मोटरचा ब्रेकही विजेने उघडा राहतो आणि वीज गेली की स्प्रिंगने आवळला जातो. म्हणजे त्या दिवशी मी अडकलो नव्हतो, मला धरून ठेवलं होतं! वर वेग हद्दीबाहेर गेला तर रुळांना पकडणारी वेगळी यंत्रणा असते, आणि दोरही एकापेक्षा जास्त असतात.

१८५३ मध्ये ओटिस यांनी स्वतःचा धंदा सुरू केला, पण गिऱ्हाईक फिरकेना. मग १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात ते स्वतः पाळण्यावर उभे राहिले, गर्दीच्या डोक्यावर उंच गेले आणि दोर कापायला लावला. पाळणा किंचित खचला आणि थांबला. आपल्या कोडवर इतका विश्वास माझा तरी नाही.

माणसांसाठीची त्यांची पहिली लिफ्ट १८५७ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या हॉवट यांच्या पाच मजली दुकानात लागली. ती वाफेवर चालायची. वाफेच्या लिफ्टचं पेटंट त्यांना जानेवारी १८६१ मध्ये मिळालं आणि त्याच एप्रिलमध्ये घटसर्पाने ते गेले. वय ४९. मागे छोटासा कारखाना आणि चार्ल्स व नॉर्टन ही दोन मुलं.

तोवर इमारतीत वरचे मजले स्वस्त असायचे, कारण चढणार कोण? लिफ्ट रुळली आणि हे गणित उलटं झालं. कारखाना मुलांनी वाढवला. १८८९ साली आयफेल टॉवर उघडला, तेव्हा त्याच्या तिरक्या पायांतून वर जाणाऱ्या काही लिफ्ट ओटिस कंपनीच्या होत्या.