जिम ग्रे : बंद पडलेलं पुन्हा उभं करणारा माणूस

डीबीएमएसच्या व्हायवाला ट्रॅन्झॅक्शनवरचा प्रश्न हमखास येतो. उत्तर आपण पाठ करून जातो, पण ही कल्पना ज्यांनी पक्क्या पायावर उभी केली, ते जिम ग्रे आपल्याला ठाऊक नसतात. म्हणून हा लेख.

त्यांचा जन्म १९४४ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. १९६९ मध्ये बर्कलेहून पीएच.डी. झाल्यावर आयबीएममध्ये त्यांनी सिस्टिम आर या डेटाबेसवर काम केलं. व्यवहार पूर्ण तरी व्हावा, नाहीतर झालाच नाही असं व्हावं, हे सूत्र तिथलं.

१९८० मध्ये ते टँडम कंपनीत गेले. तिथल्या मशीनमध्ये महत्त्वाची प्रोसेस जोडीने चाले. एक काम करी, दुसरी वेगळ्या प्रोसेसरवर तिची स्थिती टिपून तयार राही. प्रोसेसर एकमेकांना आपण जिवंत असल्याचा निरोप सतत पाठवत. निरोप थांबला की दुसरी ताबा घेई.

खरी गोम मला इथे दिसते. फेलओव्हरचा वेळ कमी करायचा म्हणून निरोपाची वाट कमी पाहिली, तर नुसतं मंदावलेलं मशीनही मेलं असं ठरतं. मग दोघंही मालक बनून एकाच डेटावर लिहू लागतात. ताबा घेतल्यावर लॉग वाचून अर्धवट व्यवहार निस्तरायचे असतात ते वेगळंच. चेकपॉइंट वरचेवर घेतले तर वाचायचा लॉग कमी होतो, पण रोजच्या कामावर भार पडतो. म्हणजे दोन्हीकडे तोलूनमापूनच!

१९८५ मध्ये ग्रे यांनी टँडमच्या मशीन का बंद पडतात, याचा हिशेब मांडला. हार्डवेअरचा वाटा १८ टक्के, सॉफ्टवेअरचा २५ आणि देखभाल-व्यवस्थापनाचा तब्बल ४२ टक्के निघाला. नुसतं जादा मशीन आणून भागत नाही, हे त्यातून उघड झालं.

१९९८ चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळालं. २८ जानेवारी २००७ रोजी आईच्या अस्थी विसर्जित करायला ते एकटेच बोटीने फॅरॅलॉन बेटांकडे गेले, ते परतलेच नाहीत. तटरक्षक दलाने समुद्र धुंडाळला, हजारो लोकांनी उपग्रहाची चित्रं तपासली. काही सापडलं नाही. २०१२ मध्ये न्यायालयाने त्यांना मृत ठरवलं.

प्रोजेक्टला दोन सर्व्हर जोडणाऱ्यांना माझं एकच सांगणं. दुसरा सर्व्हर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. डेमोच्या आधी मुख्य सर्व्हर मुद्दाम बंद करा आणि हातात घड्याळ घेऊन बसा. जे काही बिघडायचं ते तेव्हाच बिघडू दे!