डोळ्याचा पडदा दाखवणारे शिक्षक : हेल्महोल्ट्झ



ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकताना आपण हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांचे नाव ऐकतो. डोळ्यांच्या डॉक्टरांवरही त्यांचे मोठे ऋण आहे.

त्यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ रोजी जर्मनीतील पॉट्सडॅम येथे झाला. वडील शाळाशिक्षक. मुलाला भौतिकशास्त्राची ओढ, पण घरची परिस्थिती बेताची. म्हणून लष्करात नोकरी करण्याच्या अटीवर ते बर्लिनमध्ये वैद्यकी शिकले. १८४९ मध्ये ते कोनिग्जबर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाले.

त्या काळी डोळ्याच्या आतील पडद्याचे, म्हणजे दृष्टिपटलाचे, आजार डॉक्टरांना दिसतच नसत. पडद्याला सूज आली, रक्तस्राव झाला किंवा तो सुटला, तरी बाहेरून डोळा बहुधा नितळ दिसे. दुखतही नसे. रोग्याची दृष्टी जाई आणि कारण कळत नसे.

बाहुली काळी का दिसते? आत गेलेला प्रकाश आल्या वाटेनेच दिव्याकडे परततो. तो पाहायला डोके मध्ये घातले, की दिवाच अडतो. हे विद्यार्थ्यांना कसे समजवावे, याचा विचार करताना हेल्महोल्ट्झ यांना युक्ती सुचली. तिरप्या काचेवरून दिव्याचा प्रकाश डोळ्यात सोडायचा आणि त्याच काचेतून आत पाहायचे! पुठ्ठा, काचपट्ट्या आणि चष्म्याची भिंगे जोडून त्यांनी नेत्रदर्शक यंत्र बनवले. त्यासाठी शाळेत शिकलेल्या प्रकाशशास्त्रापलीकडचे काही लागले नाही, असे त्यांनी वडिलांना कळवले होते. १८५१ मध्ये त्यांनी यंत्राची माहिती पुस्तिकेतून प्रसिद्ध केली.

जिवंत माणसाच्या डोळ्यातील पडदा आणि त्यावरील रक्तवाहिन्या आता स्पष्ट दिसू लागल्या. बर्लिनचे तरुण नेत्रवैद्य आल्ब्रेख्त फॉन ग्राफे यांनी हे यंत्र लगेच हाती घेतले. पडद्याची सूज, त्याच्या रोहिणीतील अडथळा, मेंदूच्या विकारात डोळ्याच्या मज्जातंतूला येणारी सूज हे सारे वेगवेगळे ओळखता येऊ लागले.

पुढे हेल्महोल्ट्झ १८७१ मध्ये बर्लिनला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. ८ सप्टेंबर १८९४ रोजी त्यांचे निधन झाले.

आजही पडद्याचा आजार अनेकदा न दुखता वाढतो. मधुमेह असलेल्यांना तर सुरुवातीला कळतही नाही. म्हणून घरी आजी-आजोबांना मधुमेह असेल, तर वर्षातून एकदा डोळ्यात थेंब घालून पडदा तपासून घेण्याची आठवण आपणच करून देऊ या. अचानक धूसर दिसले, काळे ठिपके किंवा विजेसारखे चमकणे दिसू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. एका शिक्षकाने धड्याची मनापासून केलेली तयारी आजही अनेकांची दृष्टी वाचवते आहे.